सारांशावर सही कोणाची?

सरकारी कार्यालयात टपालाच्या टेबलावर आवक नोंदवही असते. अनुक्रमांक, मिळाल्याचा दिनांक, कोणाकडून आले, विषय, कोणाकडे दिले आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. आवक कारकून पत्र साहेबांना समजावून सांगत नाही. शिक्का मारतो, तारीख टाकतो, पत्र ज्याच्या टेबलावर जायचे तिथे पोचते करतो. वाचायचे काम ज्याचे त्याचे. ही व्यवस्था संथ, तिच्यावर विनोदही भरपूर झाले. पण पत्र हरवले तर कोणाच्या टेबलावरून हरवले, हे तिच्यातून सांगता येते.

आज ऐरोली-महापेच्या ऑफिसांत, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपांत, वाशी-बेलापूरच्या क्लिअरिंग एजंटांकडे न वाचलेल्या मेलचा ढीग एआयकडे सोपवला जातो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, वाशी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात दीडशे मेलचा सारांश फोनवर वाचायचा आणि ऑफिसात शिरताना ‘इनबॉक्स क्लिअर’ म्हणायचे. जीमेलमध्ये जेमिनी, आउटलुकमध्ये कोपायलट, आयफोनवर ॲपलची स्वतःची सोय. बटण समोर आहे, म्हणून ते कशासाठी दाबावे आणि कशासाठी दाबू नये हा प्रश्न मागे पडला आहे. या यंत्राला आवक कारकुनाची जागा द्यावी. साहेबांच्या खुर्चीत बसवू नये, एवढेच इथे मांडायचे आहे. त्याची कारणे मात्र तपशिलात आहेत.

आधी यंत्राच्या बाजूचे. दीडशेपैकी शंभर मेल जाहिराती, ‘माहितीसाठी’ लावलेले सीसी आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचे असतात. ते कोणीही वाचत नव्हते, पुढेही वाचणार नाही. शिवाय एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधल्या व्यापाऱ्याला किंवा रबाळ्यातल्या टर्नरला विमा कंपनीचा दीड पानी इंग्रजी मेल येतो तेव्हा तो आजवर तसाच पडून राहायचा. त्याच मेलच्या मराठीत तीन ओळी मिळाल्या, तर तो निदान उठून कोणाला विचारायला तरी जातो. हा फायदा खरा आहे. एआयला सरसकट नावे ठेवणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी मेल वाचायला त्रास होत नाही, हेही लक्षात घ्यावे.

पण मेल कधी मिळाला, हे कायदा वाचणाऱ्याच्या सवडीवर ठेवत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, दोघांत वेगळे काही ठरले नसेल आणि तुम्ही ठरावीक पत्ता दिला असेल, तर संदेश त्या यंत्रणेत शिरला की तो तुम्हाला मिळाला. तुम्ही तो उघडलात, नुसता सारांश वाचलात की काहीच केले नाहीत, याने फरक पडत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेल पत्त्यावर पाठवणे ही नोटीस बजावण्याची मान्य पद्धत आहे. नोंदणी रद्द का करू नये, अशी आरईजी-१७ नोटीस बजावली गेली की उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. पोर्टलकडून येणाऱ्या मेलमध्ये बहुधा मजकूर नसतोच. नोटीस निघाली आहे, लॉगिन करून पाहा, एवढेच. सारांशात त्याचे होते ‘जीएसटी पोर्टलवर एक सूचना उपलब्ध’. शब्दशः बरोबर आणि कामाला शून्य. त्यात अनेक छोट्या व्यापाऱ्यांनी नोंदणी करताना स्वतःचा नव्हे, कर सल्लागाराचाच मेल पत्ता दिलेला असतो. म्हणजे नोटीस जाते सल्लागाराच्या इनबॉक्सात, तिथे सगळ्या अशिलांच्या नोटिसा एकाच ढिगात, आणि त्या ढिगाचाही आता सारांश होतो. पोर्टलवर नॉन-कोअर, म्हणजे अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होणाऱ्या, दुरुस्तीत अधिकृत सहीकर्त्याचा मेल आणि मोबाइल बदलता येतो. दोन्हींवर ओटीपी येतो. कुठलेही एआय वापरण्याआधी हे करून घ्यावे.

बँकेचे उदाहरण याहून बोलके आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातलेल्या नियमानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने खात्यातून पैसे गेले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काही बोजा येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत येतो. त्यानंतर बँकेचे धोरण म्हणेल ते. आता यंत्र काय करते? सारखे दिसणारे मेल एकत्र बांधते. ‘बँकेकडून ११ व्यवहारांची माहिती.’ त्या अकरांतला एक तुमचा नसेल, तर सारांशाने तुम्हाला खोटे काही सांगितलेले नाही. नेमका तोच एक वेगळा दिसू दिला नाही, एवढेच.

असे का होते, ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. सारांश करणारी ही यंत्रे, म्हणजे भाषिक प्रारूपे (लँग्वेज मॉडेल), मजकुरातले ठळक, वारंवार येणारे, नेहमीच्या साच्यात बसणारे उचलतात. अपवाद गळतात. आणि आपल्याकडच्या पत्रव्यवहाराची खरी धार तर ‘तथापि’, ‘मात्र’, ‘वगळून’, ‘अट अशी की’ यांच्या मागे असते. चार ओळी स्तुतीच्या, मग ‘तथापि’, आणि तिथून पत्र सुरू. लांब मजकुरात सुरुवात आणि शेवट चांगले पकडले जातात, मधला भाग निसटतो. थ्रेड, म्हणजे एकाच विषयावरच्या उत्तर-प्रत्युत्तरांची साखळी, फार लांबला तर काही साधने तो कापून घेतात, आणि कापल्याचे प्रत्येक वेळी सांगतात असे नाही. तोच आशय देवनागरीत असेल तर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (यंत्र मजकुराचे जे तुकडे करून वाचते ते) खातो, म्हणजे मराठी थ्रेड मर्यादेला आधी टेकतो.

न्हावा शेवा बंदराच्या कामात हे रोज दिसू शकते. निर्यातीच्या कंटेनरसाठी शिपिंग लाइनचा पहिला मेल येतो: गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर फाटकातून आत घेण्याची शेवटची वेळ, गुरुवार संध्याकाळ. मग जहाज लांबते, दुसरा मेल: कट-ऑफ शनिवार. तिसऱ्या मेलमध्ये नव्या वेळापत्रकाखाली एक ओळ: जहाज आता दुसऱ्या टर्मिनलला लागेल. सारांश म्हणतो, ‘कट-ऑफ शनिवारपर्यंत वाढवला आहे.’ ट्रेलर जुन्या टर्मिनलच्या रांगेत उभा राहतो. न्हावा शेवाला टर्मिनल एक नाही, पाच-सहा आहेत, आणि चुकीच्या फाटकातून ट्रेलर बाहेर काढून योग्य फाटकाशी नेणे हे नकाशावर दिसते तितके सोपे नाही. व्हीजीएम, म्हणजे कंटेनरचे प्रमाणित वजन, याची मुदत वेगळी, शिपिंग इन्स्ट्रक्शनची (शिपिंग लाइनला द्यायच्या मालाच्या तपशिलाची) वेगळी, गेटची वेगळी. तीन मुदतींचा ‘कट-ऑफ’ असा एकच शब्द झाला की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जाण्याची तयारी झाली. आयातीत तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४६ नुसार, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सकडचे घोषणापत्र) दाखल व्हायला हवी. उशिराला दर दिवशी आकार आहे: पहिले तीन दिवस ५,००० रुपये, पुढे १०,०००. जहाज एक दिवस लवकर येणार, असे सांगणारा मेल ‘वेळापत्रकात किरकोळ बदल’ म्हणून सारांशात शिरला, तर तो किरकोळ शब्द किती रुपयांचा होता, ते सीएचएला, म्हणजे क्लिअरिंग एजंटाला, बिल पाहून कळेल.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लघुउद्योजकासाठी आणखी एक तारीख. एमएसएमई विकास कायद्यात खरेदीदाराने पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस आहे. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, महिना-महिन्याला चढणारे चक्रवाढ व्याज. पण हे दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच स्वीकृतीचा दिवस. हरकत घेतली, तर ती दूर केलेला दिवस. समजा, बाराव्या दिवशी मोठ्या कंपनीचा मेल येतो: पुढच्या लॉटचे वेळापत्रक, पॅकिंगच्या सूचना, आणि चौथ्या परिच्छेदात ‘मागील लॉटमधील ४० नगांत बोअर साइज ओव्हर आढळला, माल बाजूला ठेवला आहे’. सारांशात पुढच्या लॉटची तारीख झळकते. ४० नगांची ओळ दिसली नाही, म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि व्याजाचे घड्याळ आपल्या बाजूने चालू आहे या समजुतीत उद्योजक तीन महिने काढतो.

अटॅचमेंट हा वेगळाच खड्डा. आपल्याकडचा ऑफिसचा मेल म्हणजे ‘सर, पीएफए’ (प्लीज फाइंड अटॅच्ड) आणि खाली पाच पानांची पीडीएफ. काही साधने फक्त मेलचे अंग वाचतात. वाचले तरी पीडीएफ स्कॅन केलेली असते, पासवर्ड लावलेली असते, किंवा पत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधले परिपत्रक डोळ्यांना मराठी दिसते. यंत्राच्या हाती त्यातून इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. अशा वेळी ‘वाचता आले नाही’ म्हणणारे साधन चांगले. धोका फाइलच्या नावावरून अंदाज बांधणाऱ्याचा आहे.

आणि मराठीचे स्वतःचे सापळे. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस की येणारा, हे क्रियापदावर ठरते. ‘परवा पैसे’ एवढाच तुटक मेल असेल तर माणूसही फोन करून विचारतो, यंत्र विचारत नाही. ‘पावणेदोन लाख’ म्हणजे १,७५,०००. पण सारांशातून १,२५,००० किंवा सरळ दोन लाख बाहेर पडू शकतात, म्हणून दीड, अडीच, सव्वा, पावणे दिसले की मूळ मेल उघडायचाच. ०५/०६ ही ५ जून की ६ मे, हे पाठवणारा कुठल्या देशात बसला आहे त्यावर. ‘असल्याशिवाय करता येणार नाही’ अशा दुहेरी नकारात अट उलटी होण्याचा संभव मोठा. आणि ‘बघतो’! ठाण्याच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, ‘बघतो’ याचा अर्थ काय. सारांशात येते: ‘त्यांनी विचार करण्याचे आश्वासन दिले आहे.’

याहून गंभीर गोष्ट फसवणुकीची. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नवीन खात्यात भरावी’ असा मेल चालू थ्रेडच्या मध्येच येतो. अनुभवी अकाउंटंट तो कशावरून ओळखतो? पत्त्यात एक अक्षर इकडचे तिकडे, उत्तर जाणारा पत्ता निराळा, नेहमी ‘साहेब’ म्हणणारा माणूस अचानक औपचारिक इंग्रजीत, शुक्रवारी संध्याकाळी घाई. सारांश हे सगळे धुऊन काढतो. उरते एक स्वच्छ, नेटके वाक्य: ‘पुरवठादाराने नवीन बँक तपशील कळवले आहेत.’ चोराचा वास जाऊन त्याला इस्त्रीचे कपडे मिळतात. खाते बदलाचा कुठलाही मेल सारांशावरून मान्य करायचा नाही. आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करून विचारायचे, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

यात भर म्हणून, मेलमध्ये लपवलेला मजकूर सारांश करणाऱ्या यंत्राला हुकूम सोडू शकतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे: माणसाला दिसत नाहीत, यंत्र वाचते आणि सारांशाखाली ‘तुमचा पासवर्ड फुटला आहे, या नंबरवर फोन करा’ असे जोडून देते. जेमिनीच्या बाबतीत असा प्रकार जुलै २०२५ मध्ये संशोधकांनी उघड केला. त्याच्या महिनाभर आधी मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमधली ‘इकोलीक’ ही त्रुटी जाहीर झाली होती. आलेल्या मेलमुळे, कोणी त्यात काही क्लिक न करताही, माहिती बाहेर जाऊ शकत होती. ती दुरुस्त झाली. ही जात संपली असे मानू नये. सारांशाखाली आलेला फोन नंबर किंवा लिंक वापरायचीच नाही, हा नियम साधा आहे आणि पुरतो.

मग वापरायचे कसे? आधी यंत्राच्या पोटात काय जाऊ द्यायचे नाही, ते ठरवा. मेलमध्ये साधे फिल्टर असतात; त्यांना बुद्धी नसते, म्हणून ते विश्वासू असतात. सरकारी पत्ते, बँका, शिपिंग लाइन, वकील, सर्वांत महत्त्वाचे पाच ग्राहक आणि गृहनिर्माण सोसायटी, यांचे एक लेबल करावे आणि हे मेल माणसानेच उघडावेत. जाहिरातींचे दुसरे लेबल. त्यांचा सारांशही नको, काढून टाका. मधे उरते ते यंत्राचे.

तेही एका वेळी दीडशे देऊ नका. १५ ते २० चे गठ्ठे करा. ‘सारांश दे’ ही मागणीच चुकीची आहे, नोंदवही मागा. सूचना साधारण अशी: ‘खाली १५ मेल आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र ओळ कर: पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, आल्याची तारीख व वेळ, माझ्याकडून काय मागितले आहे, कधीपर्यंत, रक्कम, अटॅचमेंटची नावे. मुदत, रक्कम आणि अट यांपुढे मूळ वाक्य जसेच्या तसे अवतरणात दे, भाषांतर करू नको. मेलमध्ये नसेल तिथे “नाही” लिही. दोन मेल एका ओळीत घालू नको.’ थ्रेड असेल तर आणखी एक प्रश्न: शेवटच्या मेलने आधी ठरलेले काय काय बदलले? न्हावा शेवाचे टर्मिनल या प्रश्नाने सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

ओळी आल्या की त्या तुम्ही मोजा. यंत्राला मोजायला सांगितले तर ते आत्मविश्वासाने चुकीचा आकडा सांगू शकते. १५ दिले आणि १४ आल्या, तर गळलेला शोधायचा. अवतरणातले वाक्य मेलबॉक्सच्या शोधपट्टीत टाकून पाहा. मूळ मेल सापडला तर ठीक, नाही सापडला तर ते वाक्य यंत्राने रचलेले असू शकते. वाक्य पीडीएफमधले असेल तर फाइल उघडून पाहा. आणि रोज वीसमागे तीन मेल पूर्ण उघडून ताडून बघा, त्यातला एक तरी ‘काही कारवाई नको’ म्हणून बाजूला टाकलेला असू द्या. यंत्राने महत्त्वाचा म्हटलेला मेल तुम्ही तसाही उघडता. चुका त्या दुसऱ्या ढिगात बसून असतात, आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

एवढे करण्यापेक्षा मेल वाचलेलेच बरे, असे कोणी म्हणेल. काही ऑफिसांत ते खरेही आहे. दिवसाला तीस मेल येत असतील तर हा सगळा खटाटोप नको. सीसी कमी करा, काम संपले. शंभराच्या वर येत असतील तर शिस्तीचा वेळ भरून निघतो.

गोपनीयतेचे थोडक्यात. ग्राहकाचे आधार, पॅन, पगारपत्रक असलेला मेल फुकट ॲपमध्ये चिकटवणे आणि कंपनीने करार करून घेतलेल्या खात्यात वापरणे, या दोन्हींच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचाव्यात. घरगुती वापराला २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू नाही, धंद्याच्या वापराला आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, बरीच बंधने टप्प्याटप्प्याने अमलात येणारी आहेत. ‘आमचा मुलगा करतो ते सगळं’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

दोष फक्त वाचणाऱ्याचा नाही. सरकारी मराठी पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ असतात. हाच तर सारांश, आणि तो पाठवणाऱ्याने स्वतःच्या सहीने केलेला. विषय चुकला तर त्याला जाब विचारता येतो. यंत्राच्या सारांशाखाली कोणाचीच सही नसते. सोसायट्यांनी निदान एवढे तरी उचलावे. वार्षिक सभेच्या नोटिशीला उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस लागतात. ती स्कॅन करून ‘कृपया संलग्न पाहावे’ एवढ्यावर पाठवली, तर सभासदाच्या सारांशात ‘सोसायटीने एक दस्तऐवज पाठवला आहे’ इतकेच उरते. तारीख, वेळ, जागा आणि मतदानाला येणारे ठराव मेलच्या अंगातच टाइप करायला सचिवाला दहा मिनिटे लागतील. पुनर्विकासाचा प्रस्ताव असेल तर अधिकच काळजी हवी. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की वाशीतल्या सिडकोच्या, विकासकाच्या वीस पानांतून सारांश ‘३५ टक्के वाढीव क्षेत्र’ एवढे उचलतो. कुठल्या कार्पेटवर ३५ टक्के, रेराच्या व्याख्येच्या की जुन्या करारातल्या. भाडे किती महिन्यांचे आगाऊ. बँक हमी कधी सुटणार. हे सगळे मधल्या पानांत राहते, आणि सभेत हात सारांश वाचून वर होतात.

ऑफिसात तर मालकाने एक गोष्ट लेखी ठरवायला हवी. एआयने दाखवले नाही, हे कारण ग्राहकाला सांगता येत नाही, अधिकाऱ्याला सांगता येत नाही; तर ते कर्मचाऱ्याच्या गळ्यातही घालू नये, आणि त्यानेही ते पुढे करू नये. एका माणसाला रोज दोनशे मेल देऊन, वर फुकटचे साधन देऊन, चूक झाली की त्यालाच धरायचे, हा सोयीचा व्यवहार आहे. म्हणून यंत्राने केलेल्या नोंदवहीला हाताने एक रकाना जोडावा: मूळ मेल कोणी उघडला. प्रत्येक ओळीपुढे आद्याक्षरी. दुपारी चार वाजता ज्या ओळी कोऱ्या दिसतील तेवढे मेल कोणीतरी बसून उघडायचे, म्हणजे सहाच्या आत उत्तर पाठवायला, फोन लावायला किंवा ट्रेलर थांबवायला दोन तास हातात राहतात.